सुईणीला पाठराखीण हवी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अशी समजूत होती की, कामगार चळवळीतला माणूस गिरणी, बोनस, संप यांवरच बोलणार. आम्ही "नव्या सुईणींच्या नोकरीविषयी" असे लिहून कळविले. त्यावर एका चालकांनी फोन करून विचारले, "आपण चुकून दुसऱ्याच व्याख्यात्याचा विषय तर नाही ना पाठविला?" तसे काही झालेले नाही. विषय आमचाच आहे, आणि तो आम्हांला गेली काही वर्षे स्वस्थ बसू देत नाही. शिवाय मे महिन्याच्या ५ तारखेला जगभर सुईणींचा दिवस पाळतात. वसंतात एक संध्याकाळ त्यांच्या नावाने खर्च झाली, तर ती वाया गेली असे होणार नाही.

आमची थोडी ओळख आधी सांगतो, म्हणजे आमच्याकडून कोणत्या अपेक्षा ठेवू नयेत ते आपल्या लक्षात येईल. आम्ही शाळेत सातवीपर्यंत गेलो. वडील मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणीही गेली आणि शाळाही गेली. पुढे एका इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागलो, युनियनमध्ये आलो, आणि जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. तेव्हा वैद्यकशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. मात्र बाळंतपणाच्या खोलीचा दरवाजा आम्ही बाहेरून पुष्कळ वर्षे पाहिला आहे, आणि आत किती माणसे जातात नि किती वेळाने बाहेर येतात, हे मोजायला शास्त्र लागत नाही.

आणखी एक नाते आहे. आमची आजी गावची सुईण होती. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणी आले की ती निघे. पाचवीच्या दिवशी सटवाईची पूजा झाली म्हणजे तिला खण-नारळ, पायलीभर तांदूळ आणि बाळंतिणीच्या घरचा मान मिळे. त्या काळाचे आम्ही गोडवे गात नाही. आजीच्या हातून बायका सुटल्या तशा काही गेल्याही, आणि त्या का गेल्या हे तिला कळत नव्हते. परंतु एक गोष्ट आम्हांला आठवते. आजी एकटी कधी जात नसे. सोबत तिची जाऊ असे. ती पाणी तापवी, दिवा धरी, आणि आजीला झोपेची डुलकी लागली तर तिच्या खांद्याला हात लावी. ती जाऊ म्हणजेच आजच्या आमच्या व्याख्यानाचा सारांश आहे. आता तो विस्ताराने सांगतो.

आज सुईण हा शब्द सरकारी कागदावर राहिलेला नाही. मुलगी परिचर्येचे तीन-चार वर्षांचे शिक्षण घेते, परीक्षा देते, आणि तिची नोंदणी होते ती "परिचारिका आणि प्रसाविका" अशा जोड-नावाने. यांतला दुसरा शब्द प्रमाणपत्रावर राहतो, व्यवहारात तिला सगळे "सिस्टर" म्हणतात. खेड्यात उपकेंद्रावर असते तिला "नर्सबाई" म्हणतात. सपाटीच्या मुलखात पाच हजार वस्तीला आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब आहे. २०१८ साली केंद्र सरकारने सुईणीच्या विद्येसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अनुभवी परिचारिकांना दीड वर्षाचे खास शिक्षण द्यावयाचे ठरविले. तेलंगणाने हे काम त्याच्या आधीच, २०१७ मध्ये, हाती घेतले होते. म्हणजे या विद्येची गरज सरकारलाही पटली आहे. आमचा प्रश्न एवढाच की, विद्या शिकलेल्या मुलीला पहिल्या नोकरीत आपण कसे वागवतो?

कोणी म्हणेल, बाळंतपणात डॉक्टर महत्त्वाचा, सुईणीचे एवढे काय? त्यांना आम्ही व्हिएन्नाची गोष्ट सांगतो. तिथल्या मोठ्या इस्पितळात १८४७ च्या सुमारास बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगाने बायका कितीतरी जास्त मरत. गावातल्या गरीब बाया गयावया करीत की आम्हांला सुईणींच्या विभागात घाला. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने शोध लावला की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच येतात आणि त्यांच्या हातांतून विष येते. हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. डॉक्टरला कमी लेखण्यासाठी आम्ही हे सांगत नाही, कारण शोधही डॉक्टरनेच लावला. सांगायचे ते एवढेच की बाळंतिणीचा जीव पुष्कळदा रोजच्या, साध्या आणि न चुकता केलेल्या कामावर अवलंबून असतो, आणि ते काम जी करते तिच्या स्थितीवर.

आपल्या देशाचेही पाहा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने अंदाज केला होता की हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात. म्हणजे लाखामागे दोन हजार. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी नमुना-नोंदणीत हा आकडा देशासाठी लाखामागे ९७ आणि महाराष्ट्रासाठी ३३ असा आला. हे मोठे काम आहे, आणि ते केवळ औषधांनी झालेले नाही. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या पाहणीत शंभरातील सुमारे पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. घरातला कंदील गेला आणि इस्पितळातला दिवा आला. परंतु त्या दिव्याखाली रात्री दोन वाजता कोण उभे असते, हे आपण विचारत नाही.

आता एक हिशेब मांडतो. आम्ही युनियनवाले, हिशेबाशिवाय आम्हांला चैन पडत नाही.

समजा, रात्रपाळीला एकच मुलगी आहे. तीन बायका कळा देत आहेत आणि दोन नुकत्याच सुटल्या आहेत. नियम असा की, कळा जोरात सुरू झाल्या म्हणजे दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे आणि कळा मोजायच्या. तिघींचे तासाला सहा वेळा झाले. सुटलेल्या बाईची पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहायची, रक्तदाब पाहायचा, पोटावर हात ठेवून गर्भाशय आकसले की नाही ते पाहायचे, रक्तस्राव पाहायचा. दोघींचे तासाला आठ वेळा झाले. एकूण चौदा. प्रत्येक वेळेला फक्त चार मिनिटे धरा. छप्पन्न मिनिटे झाली. तासातली उरली चार. त्या चार मिनिटांत तिने नोंदवही लिहायची, डॉक्टरांना फोन करायचा, नातेवाइकांना उत्तर द्यायचे, हात धुवायचे. आणि तिघींपैकी एखादी सुटायला आली तर बाळ हातावर घ्यायचे, मिनिटाच्या आत आईला इंजेक्शन द्यायचे, वार पडेपर्यंत थांबायचे. पाणी पिण्याचे आम्ही धरलेच नाही. गिरणीत एका माणसावर दोनाचे चार माग टाकले की आम्ही यंत्रे बंद करीत असू. इथे तर माग नाहीत, जीव आहेत.

हा हिशेब कल्पनेने केलेला नाही. सुमारे दहा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, एका लहान खाजगी इस्पितळात अशीच रात्र आली. इस्पितळाचे नाव सांगत नाही, मुलीचेही नाही. मुलगी बावीस वर्षांची, पास होऊन तिसरा महिना. तीन कळा देणाऱ्या, दोन सुटलेल्या, आणि पहाटे तीनला दारात चौथी आली ती बाळाचे डोके दिसत असतानाच. मुलीने ते बाळंतपण नीट केले. परंतु त्या पाऊण तासात सुटलेल्या दोघींपैकी एकीकडे जाणे झाले नाही. ती गेली तेव्हा चादर भिजली होती. तिने पोट चोळले, इंजेक्शन दिले, डॉक्टरांना उठविले, गाडी बोलाविली. शिकविले होते ते सगळे तिने केले, पण उशिरा. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर बाई वाचली. तिचे गर्भाशय मात्र काढावे लागले. तिचे ते पहिलेच मूल होते.

दुसऱ्या दिवशी मुलीला मेमो मिळाला: कामात हलगर्जीपणा. त्या रात्री पाळीवर दोघींची नेमणूक का नव्हती, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

मुलगी आमच्याकडे आली. तिची मूळ प्रमाणपत्रे इस्पितळाच्या कपाटात होती. दोन वर्षांचा बाँड होता. मध्येच सोडले तर पन्नास हजार भरा. नियुक्तिपत्र नव्हते. आता आम्ही काय केले ते सांगतो, कारण दुसऱ्यांचे दोष सांगणाऱ्याने आपला लपवू नये. आमच्या युनियनमध्ये तेव्हा आया होत्या, वॉर्डबॉय होते, सफाईवाले होते. सिस्टर एकही नव्हती. आमच्या मनात अढी होती की सिस्टर म्हणजे पांढरपेशा, आपल्यावर हुकूम करणारी. आम्ही तिला म्हटले, "पोरी, वाद वाढवू नकोस. लेखी माफी माग, मिटून जाईल." तिने आमच्या शब्दावर माफी लिहून दिली. त्या माफीलाच कबुलीजबाब ठरवून तिला काढून टाकले. एक साधा ठराव आमच्या हातून झाला नाही. "पाळीचा हजेरीपट दाखवा" एवढे एक वाक्य आम्ही लिहिले नाही.

पुढे दोन वर्षांनी ती आम्हांला एका कापडाच्या दुकानात दिसली. ब्लाऊजपीस मोजून देत होती. आम्ही विचारले, दुसरीकडे अर्ज का नाही केलास? ती म्हणाली, "काका, त्या रात्री मला पगारवाढ नको होती. एक माणूस हवं होतं." मग तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिले. भगिनींनो, आम्ही संप केले आहेत, लाठ्या खाल्ल्या आहेत. पण त्या दुकानातून बाहेर पडताना जशी मान खाली गेली तशी कधी गेली नव्हती.

तेव्हापासून या प्रश्नाकडे आम्ही नीट पाहू लागलो. तीन गोष्टी आढळल्या.

पहिली गोष्ट पगाराची. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने एक समिती नेमली. तिने खाजगी इस्पितळांतील परिचारिकांसाठी शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकाच पगार; शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर शेकडा दहाने कमी; पन्नास ते शंभर खाटांना फार तर शेकडा पंचवीसने कमी; आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांहून कमी नाही. शिफारस ती शिफारस. तिला दात नव्हते. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तेथील सरकारने किमान वेतन वीस हजारांवर नेले. आपल्याकडे नव्या मुलीला त्याच्या निम्म्यावर राबविताना आम्ही पाहिले आहे, आणि वर ऐकविले जाते, "शिकायला मिळते आहे ना?"

दुसरी गोष्ट बंधनाची. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे म्हणजे सावकाराने कुळाची भांडी उचलून नेण्यासारखेच. सरकारी योजनेत गेली तरी सुटका नाही; तिथे पुष्कळांच्या हातात अकरा महिन्यांचा कंत्राटी आदेश असतो. बाराव्या महिन्याची धास्ती घेऊन ती दुसऱ्याच्या बाळाचे नऊ महिने मोजते.

तिसरी गोष्ट, आणि हीच सर्वांत मोठी, एकटेपणाची. नव्या मुलीला सर्वांत जास्त रात्रपाळ्या, कारण जुन्या सिस्टरांनी त्या आधीच भोगल्या आहेत. नातेवाईक संतापले तर पहिला हात तिच्यावर. आपल्या राज्यात २०१० पासून वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे. पण कायदा रात्री दोन वाजता दारात उभा राहत नाही, त्यासाठी पहारेकरी लागतो.

यावर आम्हांला नेहमी एक उत्तर मिळते: "अहो, ही सेवा आहे. सेवेत कसला हजेरीपट नि कसली युनियन?" हा वाद जुना आहे, आणि तो आपल्याच मुंबईत लढला गेला. जे. जे. समूहातील इस्पितळांतून काही वॉर्ड-सेवकांना कमी केले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. सरकारचे म्हणणे, इस्पितळ हा उद्योग नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये निकाल दिला की, होय, कामगार कायद्यापुरते इस्पितळ हा उद्योगच. १९७० मध्ये सफदरजंग इस्पितळाच्या खटल्यात हा निकाल फिरला, आणि १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात पुन्हा मूळ पदावर आला. २०२० च्या संहितेत धर्मादाय संस्थांना पुन्हा वेगळे काढले आहे. कायदा असा मागे-पुढे होत राहील. आमचे उत्तर साधे आहे. सेवा मनाची असते, पण रात्र जागते ते शरीर. सेवेचे नाव घेणाऱ्याने सेविकेची काळजी आधी घ्यावी.

याच संदर्भात एक आठवण देतो. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतील बायांना बाळंतपणात भत्त्यासह विश्रांती द्यावी असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला, आणि २०१७ मध्ये बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. बाळंतिणीची विश्रांती ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण मान्य केले. मग बाळंतपण करणारीचे काय? लहान इस्पितळातील मुलगी स्वतः गरोदर राहिली की तिला "घरी बस" म्हणतात, हे आम्ही स्वतः ऐकले आहे.

मग करावे काय? आपल्याकडे नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण पाठवितात. नवरीला स्वयंपाक येत नाही म्हणून पाठवीत नाहीत. परके घर, परकी माणसे, काही विचारायचे झाले तर आपले कोणी असावे म्हणून पाठवितात. नव्या सुईणीला अशी पाठराखीण हवी. न्यूझीलंड देशात २००७ पासून नव्या सुईणीला पहिल्या वर्षी एक अनुभवी सुईण मार्गदर्शक म्हणून ठरवून देतात. आम्ही त्याहून वेगळे काही मागत नाही:

पहिले सहा महिने नव्या मुलीला प्रसूतिगृहात एकटीने रात्रपाळी देऊ नये.

एक जुनी सिस्टर तिची पाठराखीण म्हणून नावानिशी नेमावी, आणि त्या कामासाठी जुनीला पाळीतून वेळ द्यावा, शक्य तर भत्ताही. ओझे जुनीवर टाकून मोकळे होऊ नये.

नोकरीच्या पहिल्या दिवशी नियुक्तिपत्र हाती द्यावे आणि मूळ प्रमाणपत्रे पाहून त्याच दिवशी परत करावी.

काही अघटित घडले तर मेमो काढण्याआधी त्या रात्रीचा हजेरीपट चौकशीपुढे ठेवावा: किती बाया, किती कर्मचारी, डॉक्टर कुठे.

आणि पाळी संपल्यावर सुरक्षित खोली किंवा घरी पोचण्याची सोय असावी.

"लहान इस्पितळाला परवडत नाही," असे मालक म्हणतात. काही मालक प्रामाणिक आहेत, त्यांची अडचण आम्ही नाकारत नाही. त्यांना आम्ही विचारतो की, दोन-तीन शेजारच्या इस्पितळांनी मिळून एक अनुभवी सिस्टर रात्रीसाठी ठेवली तर? असा प्रयोग करायला कायदा आड येत नाही, सवय आड येते. आणि न परवडण्याचा हिशेब करताना त्या बाईचाही करावा, जिला दुसरे मूल होणार नाही. तिचा खर्च कोणत्या वहीत लिहिला आहे?

दुसरेही पाहा. २०१९ ते २०२१ च्या त्याच पाहणीत देशातील खाजगी इस्पितळांत शंभरातील सुमारे सत्तेचाळीस बाळंतपणे पोट कापून झालेली आढळली. सरकारी इस्पितळांत सुमारे चौदा. याला कारणे अनेक आहेत. पण कळा देणाऱ्या बाईजवळ सतत कोणी धीर देणारे असले तर शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, असे अनेक देशांतील चाचण्यांतून दिसून आले आहे. सतत जवळ बसायला माणूस लागतो. चार मिनिटांत धीर देता येत नाही.

आता आपल्याकडे वळतो. या सभागृहात धर्मादाय इस्पितळांचे विश्वस्त बसले आहेत, आम्हांला चेहरे दिसत आहेत. त्यांनी रागावू नये. आपण इस्पितळाला नवी इमारत दिलीत, यंत्रे दिलीत, संगमरवरी पाटीवर नावे कोरलीत. एकदा रात्री दोन वाजता, न कळविता, प्रसूतिगृहाच्या दारात जाऊन उभे राहा आणि फक्त मोजा. इतर नागरिकांना आमचे सांगणे असे की, सुनेला-लेकीला बाळंतपणासाठी इस्पितळ निवडताना आपण खोलीत वातानुकूलन आहे का, हे विचारता. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा: "रात्री प्रसूतिगृहात किती सिस्टर असतात?" हा प्रश्न दहा घरांनी विचारला तर आमच्या दहा मोर्च्यांचे काम होईल.

आणि आमच्या युनियनवाल्या बंधूंनो, सभासद नाही म्हणून दारातून परत पाठवू नका. आता आमच्या युनियनमध्ये सिस्टर आहेत. त्यांच्यासाठी आम्ही पहिला नियम केला आहे की, मेमोचे उत्तर कोणीही एकटीने लिहायचे नाही. नियम उशिरा झाला. ज्या मुलीमुळे तो झाला तिला त्याचा उपयोग नाही.

याच महाराष्ट्रात, पुण्यात, १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवांना जगाने दार लावले होते त्यांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी आपल्या घरच्यासारखी केली. त्यांना कोणी हजेरीपट विचारला नाही, पण शेण-दगड मात्र पुष्कळांनी मारले. दीडशेहून अधिक वर्षे झाली. आज ते काम करणाऱ्या मुलींना आपण दगड मारीत नाही. रात्री एकटे सोडतो, एवढेच.

"गरज सरो, वैद्य मरो" अशी आपल्याकडे म्हण आहे. बारशाला आपण पेढे वाटतो, तेव्हा इस्पितळातही एक पुडा पाठवितो. पुढच्या वेळी तो पुडा घेऊन स्वतः जा. ज्या मुलीने बाळ हातावर घेतले तिचे नाव विचारा, आणि त्या रात्री तिच्याबरोबर कोण होते, तेही विचारा. ती "कोणी नाही" म्हणाली, तर आम्हांला येऊन सांगा. आणि त्याआधी विश्वस्तांना सांगा.